चुरा केला तरी किलो तेवढेच

रिकामी बाटली म्हणजे मुख्यतः काचेत कोंडलेली हवा. हुबळीच्या दुर्गदबैलसारख्या किंवा धारवाडच्या सुभाष रोडसारख्या दाटीच्या भागातला एखादा बार रात्री शटर ओढतो, तेव्हा त्याच्या मागच्या बोळात उरते ती बव्हंशी ही हवाच. साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका मध्यम बारमध्ये दिवसाला ६५० मिलिलिटरच्या २०० बिअरच्या बाटल्या रिकाम्या होतात. खोक्यात बारा याप्रमाणे सतरा खोकी झाली. एकावर एक रचली तर सुमारे एक तृतीयांश घनमीटर जागा. बाटलीचे वजन साडेचारशे ग्रॅम धरले तर काच भरते ९० किलो. याच बाटल्या यंत्रात घालून चुरा केला तर तो पंचाहत्तर-ऐंशी लिटरच्या एका पिंपात मावतो. मागच्या खोलीचे भाडे चौरस फुटावर मोजणाऱ्या मालकाला हे गणित पटायला वेळ लागत नाही. मात्र त्या पिंपाला हात घालणाऱ्या पौरकार्मिकाचे, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगाराचे, गणित निराळे आहे. जागा चौथाईवर आली, वजन एक ग्रॅमही घटले नाही. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. हे पिंप जवळजवळ दोन पोत्यांचे, आणि आत सगळा धारदार माल. खोकी एकेक करून उचलता येत होती, पिंप एकट्याने जागचे हलत नाही. मालकाची जागेची अडचण सुटली ती अशी, की तिचे ओझे होऊन दुसऱ्याच्या पाठीवर गेले.

काचेच्या बाटल्यांचा चुरा करणारी यंत्रे आता सहज विकत मिळतात. काउंटरखाली बसणाऱ्या छोट्या यंत्रापासून टनावारी माल फोडणाऱ्या मोठ्या गिरणीपर्यंत त्यांचे अनेक आकार आहेत. हॉटेल-बारचा कचरा कसा आवरावा अशी चर्चा निघाली, की प्रत्येक बारला असे यंत्र सक्तीचे करा, ही सूचना हमखास येते. ती वेडगळ नाही. पोत्यात कोंबलेल्या बाटल्या फुटतात आणि पोते उचलणाऱ्याचा हात कापतो, हे खरे. बाटल्यांच्या तळाशी राहिलेल्या गोड-आंबट थेंबांवर माश्या आणि झुरळे जमतात, तेही खरे. रेल्वे स्थानकांवर पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या चिरडणारी यंत्रे बसली आणि लोकांना ती आवडली, त्यामुळे जे प्लास्टिकचे तेच काचेचे, असा समज सहज होतो. घोटाळा नेमका या समजात आहे. पाण्याची प्लास्टिक बाटली एकदा रिकामी झाली की ती पुन्हा पाण्यासाठी भरायची नसते. तिचे पुढचे आयुष्य तुकडे होऊनच सुरू होते, तेव्हा चिरडणे ही त्या प्रवासातली पहिली पायरी ठरते. काचेची बाटली रिकामी झाली म्हणजे तिचे काम संपलेले नसते. ती धुऊन पुन्हा भरता येते. तिला चिरडणे म्हणजे चालत्या बैलाला खाटकाकडे नेण्यासारखे आहे.

बिअरच्या बाबतीत हे पुस्तकी बोलणे नव्हे, भारतातला बिअरचा धंदा जुन्या बाटल्यांवर मोठ्या प्रमाणात चालतो. बारच्या मागच्या दारातून बाटली गुजरीवाल्याकडे जाते. आपण ज्याला भंगारवाला म्हणतो त्याला इकडे कन्नडच्या शेजाराने गुजरीवाला हे नाव आहे. त्याच्याकडून ती बाटल्यांच्या गोदामात, तिथे कंपनीनुसार निवड, मग गाडी भरून बिअरच्या कारखान्यात. तिथे गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ती धुतली जाते, लेबल सुटते, तडा गेलेली किंवा तोंडाचा टवका उडालेली बाटली बाजूला काढली जाते आणि उरलेली पुन्हा भरली जाते. बाटलीवर कंपनीचे नाव काचेतच उठवलेले असते ते याचसाठी. ती दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, आपल्याकडेच परत यावी. ही साखळी कोणा पर्यावरणवाद्याने आखलेली नाही. नव्या बाटलीपेक्षा जुनी स्वस्त पडते, एवढ्याच कारणाने ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. पारशी मंडळींत बाटलीवाला हे आडनाव रुजले ते याच व्यापारातून. जर्मनीसारखा यंत्रांचा शौकीन देशसुद्धा पुन्हा भरायची बिअरची बाटली फोडत नाही. तिच्यावर ८ सेंटचे डिपॉझिट घेतो, ती परत मागवतो आणि पंचवीस-पंचवीस वेळा भरतो. एकदाच वापरायच्या डब्यांवर आणि बाटल्यांवर तिथे २५ सेंटचे डिपॉझिट आहे. म्हणजे पुन्हा भरता येणाऱ्या वस्तूला सवलत आणि एकदाच वापरायच्या वस्तूला तिप्पट डिपॉझिट. आपण सक्तीची यंत्रे बसवली तर याच्या बरोबर उलटे करू. जी साखळी फुकट चालते आहे ती पैसे खर्चून तोडू.

यावर यंत्राचे समर्थक म्हणतील, की चुराही वाया जात नाही, काच कितीही वेळा वितळवता येते. येते, यात शंका नाही. काचेच्या कारखान्यात फुटक्या काचेला कलेट म्हणतात आणि भट्टीत ती हवीच असते. वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी यांची काच करायला सुमारे १५०० अंश सेल्सिअसची आच लागते. जुनी काच त्यापेक्षा लवकर वितळते. मिश्रणात कलेटचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवले की भट्टीचे इंधन अडीच-तीन टक्क्यांनी वाचते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. शिवाय चुनखडी आणि सोडा ॲश तापल्यावर जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोही तेवढा कमी होतो. एक टन जुनी काच वापरली तर एक टनाहून अधिक कच्चा माल जमिनीतून काढावा लागत नाही. हा कच्चा माल कुठून तरी उकरलेला असतो. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणींनी रानाचे काय केले, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा काच भट्टीत परत गेलीच पाहिजे.

प्रश्न असा, की बारमधल्या यंत्रातून निघालेला चुरा भट्टीवाला घेईल का? तपकिरी, हिरवी आणि बिनरंगी अशी तीन रंगांची काच एकत्र दळली गेली, की ती पुन्हा वेगळी करणे फार खर्चाचे. बिनरंगी बाटली करणाऱ्याला तपकिरी तुकडे चालत नाहीत. त्यात ॲल्युमिनियमचे बूच दळले गेले तर काचेत सिलिकॉनचे कण पडतात आणि बाटली त्या जागी कच्ची राहते. चिनीमातीच्या बशीचा एक तुकडा गेला तर तो भट्टीत वितळतच नाही, खड्यासारखा बाटलीच्या अंगात बसतो. रात्री साडेअकराला दमलेल्या पोऱ्याने बूच काढून, रंग पाहून, बशी बाजूला ठेवून बाटल्या यंत्रात घालाव्यात, ही अपेक्षा कागदावरच शोभते. आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत. यंत्र जितके बारीक दळते तितकी त्याची फुशारकी मोठी, पण भट्टीला बारीक पूड नको असते. पुडीने भट्टीत फेस येतो, आणि रंगानुसार काच निवडणाऱ्या यंत्रांना तर बारीक कण दिसतच नाहीत. त्यांना नखाएवढे, बोटाच्या पेराएवढे तुकडे हवेत. म्हणजे अखंड बाटलीची किंमत नगावर, नीट निवडलेल्या तुकड्यांची किलोवर, आणि तिरंगी पुडीची किंमत बहुतेक वेळा उलटी, तीच न्यायला आपण पैसे मोजायचे.

तशी ती पूड अखेर जाणार कुठे? हुबळीचा कचरा वर्षानुवर्षे कारवार रोडच्या डेपोत आणि धारवाडचा होसयल्लापूरच्या डेपोत जाऊन पडला. जुन्या ढिगाऱ्यांत काय काय आहे ते चाळून वेगळे करण्याचा खर्च आता महापालिका कशा करतात, ते देशभर दिसते आहे. अखंड बाटली ढिगात पडली तरी कचरावेचक तिला उचलून बाहेर काढतो, कारण तिला भाव असतो. पूड कोणी उचलत नाही. ती ओल्या कचऱ्यात मिसळली तर त्या कचऱ्याचे खतही शेतात टाकायच्या लायकीचे राहत नाही. धारवाडच्या काळ्या रानाचा स्वभाव तर सर्वांना ठाऊक आहे: उन्हाळ्यात भेगाळते, वरचे आत घेते आणि पावसाळ्यात आतले वर आणते. अशा मातीत गेलेली काच एका पिढीत संपत नाही. दृष्टीआड सृष्टी या न्यायाने बारच्या बोळातले दृश्य स्वच्छ होईल, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: यंत्राला विरोध नको, पण ते बारमध्ये नको आणि बिअरच्या बाटलीसाठी तर नकोच. बिअरची अखंड बाटली खोक्यात किंवा क्रेटमध्ये जशीच्या तशी परत जावी. व्हिस्की, रम, वाइनच्या बाटल्या, सॉस-व्हिनेगरच्या बरण्या आणि फुटलेला माल यांचा चुरा करावा, पण तो प्रत्येक बारमध्ये न करता भागातल्या एका केंद्रावर, रंगवार निवड करून आणि भट्टीला हवा तेवढाच जाड. हुबळी-धारवाड महापालिकेचे ८२ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागाला यंत्र लागणार नाही. दोन्ही शहरांत मिळून मोजकी केंद्रे पुरतील. अशी यंत्रे बाहेरून आणायचीही गरज नाही. गोकुळ रोड आणि तारिहाळच्या कारखान्यांतून देशाला व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या हुबळीला हातोड्यांची एक गिरणी बनवणे जड नाही. एका केंद्रावर धूळ खेचणारा पंखा, जाड हातमोजे, चष्मे आणि वजन उचलणारी गाडी यांची सोय करता येते, आणि ती आहे की नाही हे तपासताही येते. शेकडो बारच्या मोरीशेजारी ते कोण तपासणार? (काचेच्या धुळीने लगेच सिलिकोसिस होतो, अशी भीती कधी घातली जाते, ती मात्र अतिशयोक्त आहे. तो रोग दगड-वाळूतल्या स्फटिकरूप सिलिकाचा. बाटलीची काच स्फटिकरूप नसते. पण डोळ्यात आणि घशात ती जायला नको, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.)

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप पर्यावरणाचा नाही, बनावट दारूचा आहे. महाग व्हिस्कीची रिकामी बाटली आणि तिचे खोके यांना काळ्या बाजारात भाव असतो. तीत हलकी दारू भरून, नवे बूच बसवून ती पुन्हा विकली जाते. बारमध्येच बाटली फोडली तर हा धंदा मुळातच बसेल, असे अबकारी खात्यातल्या कोणालाही वाटेल. आक्षेप खरा आहे, म्हणूनच वरच्या वाटणीत मद्याच्या बाटल्या चुऱ्याच्या बाजूला टाकल्या आहेत. पण फसवणूक थांबवायला पूड करावी लागत नाही. हातोडीने गळा उडवलेली किंवा दोन तुकडे झालेली बाटली बनावट दारूवाल्याच्या उपयोगाची राहत नाही, भट्टीवाल्याच्या मात्र पूर्ण उपयोगाची असते. महागड्या बाटल्या दिवसाला किती, वीस-पंचवीस? झाकणाच्या लोखंडी पेटीत त्या टाकून फोडायला यंत्र कशाला हवे? आणि बिअरच्या बाबतीत बनावटीची भीती जवळजवळ नाहीच. वायू भरलेली, लोखंडी बुचाची स्वस्त बिअर घरात बनवून विकण्यात कोणालाच काही सुटत नाही. बिअरची बाटली फोडण्यासाठी व्हिस्कीच्या बाटलीचे कारण पुढे करणे हे सरसकटीकरण झाले.

जागेची अडचण मी झटकून टाकत नाही. दुर्गदबैलमध्ये दहा बाय दहाच्या मागच्या खोलीत सतरा खोकी रोज साठवता येणार नाहीत, हे मान्य. पण साठतात का, ते पाहिले पाहिजे. नेणारा आठवड्यातून एकदा येतो म्हणून साठतात. भरलेली खोकी ज्या बारमध्ये मावली, तिथे तीच खोकी रिकाम्या बाटल्यांसह मावलीच पाहिजेत. बाटलीचा आकार बिअर प्यायल्याने वाढत नाही. अडचण अशी, की भरलेला माल टप्प्याटप्प्याने येतो आणि रिकामा माल मात्र नेणाऱ्याच्या मर्जीवर पडून राहतो. हा प्रश्न यंत्राचा नाही, वेळापत्रकाचा आहे. आणि उलट्या वाहतुकीची सोय कर्नाटकात तयारच आहे. २००३ पासून या राज्यातला मद्याचा घाऊक व्यापार एकाच सरकारी कंपनीच्या हाती आहे: कर्नाटक स्टेट बेव्हरेजेस कॉर्पोरेशन, म्हणजे केएसबीसीएल. राज्यात कायदेशीर विकली जाणारी प्रत्येक बाटली तिच्या डेपोतून निघते आणि कोणत्या परवानाधारकाला किती गेली याची नोंद तिच्याकडे असते. डेपो आणि दुकान यांच्यामध्ये धावणारी गाडी एका दिशेने रिकामीच धावते. त्या रिकाम्या फेरीत खोकी परत आली, तर बारच्या मागच्या खोलीत यंत्राला जागा शोधावी लागणार नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी शेजारच्या तामिळनाडूकडे पाहावे. निलगिरीच्या डोंगरांत आणि जंगलांत फेकलेल्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींसह वन्य प्राण्यांच्या पायांना जखमा होतात, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयाने हाती घेतला. त्याच्या निर्देशानंतर २०२२च्या मे महिन्यात तिथल्या सरकारी मद्यदुकानांत, म्हणजे टास्मॅकमध्ये, प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन बाटली परत दिल्यावर ते परत करण्याची योजना निलगिरीत सुरू झाली. विकलेल्या बाटल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत येऊ लागल्या, तेव्हा ती एकेक करून इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. केरळने २०२५च्या सप्टेंबरात तिरुवनंतपुरम आणि कन्नूर जिल्ह्यांतल्या निवडक दुकानांत बाटलीमागे २० रुपयांचा असाच प्रयोग केला. गोव्याने २०२४ मध्ये तर मद्यापुरते न थांबता न कुजणाऱ्या वेष्टनांसाठी डिपॉझिट परताव्याची योजना अधिसूचित केली. आपल्याकडे डिपॉझिट ही कल्पना परकी मुळीच नाही. गोटी सोड्याची बाटली, शीतपेयांची काचेची बाटली, मुंबईतली आरेच्या दुधाची बाटली, सगळ्या याच नियमाने फिरल्या. जुनी बाटली आणा, नवी घेऊन जा.

मात्र तामिळनाडूचा दाखला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आधी कबूल करावे लागेल. तिथे किरकोळ विक्रीही सरकारच करते. कर्नाटकात एमएसआयएल या सरकारी कंपनीची काही दुकाने सोडली तर किरकोळ विक्री आणि बार खासगी परवानाधारकांचे आहेत. शिवाय तामिळनाडूत दुकानातल्या कर्मचाऱ्यांवर स्टिकर लावणे, बाटल्या मोजणे, त्या साठवणे हे काम वाढीव पगाराविना येऊन पडले आणि त्यांनी त्याविरुद्ध आंदोलनेही केली. तेव्हा नुसत्या आदेशाने भागणार नाही. पण कर्नाटकात घाऊक विक्रीचे बिलच सरकार करते, त्यामुळे डिपॉझिट त्या बिलात धरता येईल आणि बाटली परत आल्यावर वळतेही करता येईल. हाताळणीबद्दल दुकानदाराला बाटलीमागे काही पैसे मिळाले पाहिजेत. न परतलेल्या बाटल्यांचे डिपॉझिट पडून राहते, ते त्यासाठी वापरता येईल. शिवाय बार ही सर्वांत सोपी सुरुवात आहे. दुकानातून नेलेली बाटली उणकल तलावाच्या काठी फुटेल, बांधावर फुटेल की घरी तेलासाठी वापरली जाईल, सांगता येत नाही. बारमधली बाटली टेबलावरून उठून कुठेच जात नाही. ती हरवत नाही, तिच्यासाठी गिऱ्हाइकाची सवय बदलावी लागत नाही. म्हणजे जिथे बाटली शंभर टक्के अखंड हाती लागते, नेमके तिथे फोडायचे यंत्र बसवा, असे आपण म्हणतो आहोत.

दुसरा धोका आगीतून फुफाट्यात जाण्याचा आहे. काचेवर बंधने आली, की कंपन्या आणि बारवाले प्लास्टिककडे आणि टेट्रापॅककडे वळतील. कर्नाटकात ही वाट मळलेलीच आहे. १ जुलै २००७ पासून या राज्यात अरक, म्हणजे देशी दारू, बंद झाली. त्यानंतर स्वस्त व्हिस्की-रम पिणारा मोठा वर्ग ९० आणि १८० मिलिलिटरच्या टेट्रापॅककडे गेला. फळांच्या रसासारखे दिसणारे हे पुडे नोव्हेंबर २०२५ मध्ये एका व्यापारचिन्हाच्या वादात सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्तींनीही त्याबद्दल आश्चर्य आणि चिंता व्यक्त केली. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकावर एक चिकटवलेला तो पुडा काचेइतका सहज पुन्हा वापरात येत नाही आणि गुजरीवाला त्याला हातही लावत नाही. म्हणून डिपॉझिट लावायचे तर ते सर्व वेष्टनांवर हवे, आणि जे पुन्हा भरता येत नाही त्यावर जास्त. नळातून ओतायची बिअर, पिंपातून येणारी, हा तर सर्वांत चांगला मार्ग. जी बाटली बनलीच नाही तिचा कचरा होत नाही. पण ते सगळ्या बारना परवडणारे नाही, म्हणून इथे एवढेच पुरे.

चुऱ्याची वाळू करून बांधकामात वापरा, असाही एक मुद्दा येतो. न्यूझीलंडमध्ये एका बिअर कंपनीने २०१७ मध्ये बाटली टाकली की तिथल्या तिथे वाळू करून देणारे यंत्र काढले आणि त्याची जगभर वाहवा झाली. नदीची वाळू दुर्मिळ झालेल्या उत्तर कर्नाटकात ही कल्पना आकर्षक वाटणारच. काचेचा चुरा फरसबंदीच्या ठोकळ्यांत, रस्त्याच्या थरात चालतो. सिमेंट काँक्रीटमध्ये मात्र सिमेंटमधला अल्कली काचेशी अभिक्रिया करून काँक्रीट फुगवतो, तडे पाडतो, म्हणून तिथे जपून. पण वाळू करणे म्हणजे १५०० अंशांची आच एकदाच वापरून फेकून देणे. ज्या बाटलीत एवढी ऊर्जा कोंडली आहे तिची वाळू करायची आणि नव्या बाटलीसाठी कासार्डेची वाळू उकरायची, हा व्यवहार उफराटा आहे. रंग मिसळलेला, मळका, भट्टीने नाकारलेला उरलासुरला माल वाळूकडे जावा. तेवढीच वाळूची जागा.

यंत्राच्या बाजूने बोलताना सगळ्यात कमी उल्लेख होतो तो बाटली विकून पोट भरणाऱ्यांचा. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली तेव्हा तिने स्वतःचे नावच ठेवले कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. काच हा त्या नावातला दुसरा शब्द आहे, अनुप्रासासाठी घातलेला नाही. तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेने तिच्याशी करार केला. बंगळुरूमध्ये हसिरु दळ याच वाटेने गेली. २०१६च्या घनकचरा नियमांनी तर हॉटेल आणि रेस्टॉरंटना कचरा वेगळा करून पुनर्वापरायोग्य माल अधिकृत कचरावेचकांकडे किंवा अधिकृत पुनर्प्रक्रियादारांकडे सोपवायला एका वर्षाची मुदत दिली होती. त्यांत चुरा करा असे कुठे नव्हते, सोपवा असे होते. बारने बाटली फोडली, की त्या साखळीतल्या सगळ्यात खालच्या माणसाचा हिस्सा आधी जातो. तो नगावर विकत होता, आता त्याच्या वाट्याला विकता न येणारी पूड येते, तीही हात कापणारी. गुजरीचा धंदा फार न्याय्य आहे, असे मी म्हणत नाही; वजनात मारणारे, बालकामगार राबवणारे त्यात आहेत. म्हणूनच त्यांना नोंदणी, ओळखपत्र आणि केंद्रावर ठरलेला दर द्यावा.

खर्चाचे काय, हे विचारले जाईल. कर्नाटक सरकारने २०२५-२६ साठी अबकारी खात्यापुढे ४० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले. दारूवरचा एवढा पैसा सरकार मोजून घेते, आणि दारूची बाटली मात्र महापालिकेच्या गल्लीत सोडून देते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ही रीत झाली. मद्याचा विषय आला की सार्वजनिक चर्चेत एक अवघडलेपण येते. बाटल्यांची नीट सोय करणे म्हणजे दारूला उत्तेजन, असे काहींना वाटते. त्यांना एवढेच सांगता येईल, की बाटली पिणाऱ्याच्या पायात रुतत नाही, अनवाणी चालणाऱ्याच्या रुतते. दारूबंदी हवी की नको हा वाद सुरू राहू द्या, त्याला माझी हरकत नाही. तोवर रोज रिकाम्या होणाऱ्या बाटल्यांना थांबा म्हणता येत नाही.

महापालिकेला उद्यापासून करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत, त्यांना केएसबीसीएलची किंवा बंगळुरूची वाट पाहावी लागत नाही. बार आणि रेस्टॉरंटच्या व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणात अखंड बाटल्या वेगळ्या द्याव्या लागतील, ही अट घालावी आणि घेणाऱ्या नोंदणीकृत गुजरीवाल्याची पावती मागावी. आणि फुटक्या काचेच्या पिंपाला आकाराची नव्हे, वजनाची मर्यादा ठरवावी: २० किलोपेक्षा जड पिंप महापालिकेची ऑटो टिपर उचलणार नाही, आणि झाकण नसलेले तर मुळीच नाही. वजनाचा काटा मागच्या दाराशी आला, की कोणत्या बाटल्या फोडायच्या आणि कोणत्या खोक्यात घालायच्या, याचा विचार मालक स्वतःच करू लागेल.